एका नाण्यावर दोन राजे: बायबलमधले संदेष्टे सत्तेबद्दल काय सांगतात

नाशिकजवळ, गोदावरी आणि दारणेच्या संगमावर जोगलटेंभी नावाचं गाव आहे. 1906 साली तिथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. 13 हजारांहून जास्त नाणी, सगळी क्षहरात राजा नहपानाची. त्यांतल्या 9 हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. असं नाणं भिंगाखाली धरलं की दोघंही दिसतात. खाली नहपानाच्या नाकाची, हनुवटीची पुसट रेघ आणि तिच्यावर दाबून बसलेली सातवाहनांची तीन कमानींची टेकडी. जुन्या राजाच्या तोंडावरच नव्या राजाची खूण उमटली आणि बाजार पुढे सुरू राहिला.

पांडवलेण्यांतही हे दोघे शेजारी शेजारी आहेत. एका लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याच्या दानांचे लेख आहेत. दुसऱ्यात गौतमीपुत्राच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख आहे आणि त्यात मुलाने क्षहरातांचा वंश निःशेष केल्याचं अभिमानाने कोरलंय. महामार्गावरून जाताना तो डोंगर अजून दिसतो. राज्य दोघांचंही गेलं.

मी रविवारी चर्चमध्ये मुलांना बायबल शिकवते. ‘देव सार्वभौम आहे’ हे वाक्य आमच्याकडे प्रार्थनेत, गीतांत, अगदी आजाऱ्याला भेटायला गेल्यावरही सहज म्हटलं जातं. पण राष्ट्रांच्या बाबतीत त्याचा अर्थ काय, हे विचारलं की मोठी माणसंही चाचरतात. तेव्हा मी या नाण्यापासून सुरुवात करते. ठसे बदलत राहतात. संदेष्ट्यांचा प्रश्न असतो, चांदी कोणाची? हाग्गय या संदेष्ट्याने तर हे जवळजवळ याच शब्दांत सांगितलंय. इ.स.पू. 520, यरुशलेममधलं मंदिर अजून पडकंच, बंदिवासातून परत आलेले लोक गरीब, वर पारसी म्हणजे इराणचं साम्राज्य. आणि हा माणूस सांगतो की देव सगळी राष्ट्रं हलवणार आहे, कारण रुपं, म्हणजे चांदी, त्याचं आहे आणि सोनंही त्याचंच आहे.

आधी दोन शब्दांचा गुंता सोडवायला हवा.

पहिला शब्द भविष्य. मराठीत भविष्य म्हटलं की राशी, पत्रिका, पोपट घेऊन बसलेला माणूस, किंवा वर्षाच्या सुरुवातीला छापून येणारं वार्षिक फल डोळ्यांपुढे येतं. त्यामुळे बायबलची भविष्यवाणी म्हणजे पुढे काय घडणार याची यादी, असं आपण धरून चालतो. मराठी बायबलने मात्र फार नेमका शब्द वापरलाय: संदेष्टा, म्हणजे निरोप घेऊन आलेला. निरोप बहुतेकदा ‘आज तुम्ही काय करताय’ याबद्दल असतो. पुढचं सांगितलं जातं तेही आज ऐकणाऱ्याने वेळीच वळावं म्हणून. डॉक्टर म्हणतात, हे असंच चालू ठेवलंत तर किडनी जाईल. ते काही तुमचं भविष्य पाहत नसतात.

दुसरा शब्द राष्ट्र. बायबलच्या हिब्रूत तो ‘गोयीम’ असा येतो आणि त्याचा अर्थ लोकसमूह, एका वंशाचे, भाषेचे, मुलखाचे लोक. झेंडा, पासपोर्ट, संयुक्त राष्ट्रसंघातली खुर्ची, यांतलं काहीच तिथे नाही. म्हणून ‘बायबलमधलं अमुक राष्ट्र म्हणजे आजचा अमुक देश’ असं कोणी ठासून सांगू लागला की मी सावध होते.

आता मूळ गोष्ट. इ.स.पू. आठव्या शतकात अश्शूर हे त्या भागातलं सगळ्यात भयंकर साम्राज्य होतं. शहरं जिंकायची, माणसं उचलून दुसऱ्या मुलखात नेऊन टाकायची, आणि ते सगळं राजवाड्याच्या भिंतींवर कोरून ठेवायचं, ही त्यांची पद्धत. इ.स.पू. 722 च्या सुमारास उत्तरेकडचं इस्राएलचं राज्य त्यांनी संपवलं. तिथले लोक विचारत असणारच, आपला देव हरला का? त्या काळी प्रत्येक लोकांचा आपापला देव होता आणि युद्ध म्हणजे देवांचीही कुस्ती, असंच मानलं जाई.

यशया या संदेष्ट्याने उत्तर दिलं ते कोणालाच रुचण्यासारखं नव्हतं. तो म्हणाला, अश्शूर ही देवाच्या हातातली छडी आहे. देव हरलेला नाही, त्याने आपल्याच लोकांच्या अन्यायापायी ही छडी उचलली आहे. पण लगेच पुढच्याच श्वासात तो अश्शूरच्या राजाकडे वळतो. तुला वाटतं हे सगळं तू आपल्या बळावर केलंस? पाखराचं घरटं लुटावं तशी मी राष्ट्रं लुटली, कोणी पंखही फडफडवला नाही, असं म्हणतोस? कुऱ्हाडीने तोडणाऱ्यासमोर फुशारकी मारावी का? करवतीने चालवणाऱ्यापेक्षा स्वतःला मोठं समजावं का? छडीचं काम झालं की छडीचाही हिशोब होणार आहे.

सगळं मर्म इथे आहे. देवाने एखाद्याला वापरलं म्हणजे देव त्याच्या बाजूचा झाला, असं यशया म्हणत नाही. अश्शूरचा राजा जे करतो ते स्वतःच्या लोभाने करतो, त्याच्या मनात देवाचा विचारही नाही, आणि त्या लोभाबद्दल तो पूर्ण जबाबदार आहे.

पुढे काय झालं हे दोन्हीकडून वाचता येतं. इ.स.पू. 701 मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब दक्षिणेकडच्या यहूदाच्या राज्यावर चालून आला. त्याच्या स्वतःच्या कोरीव लेखात 46 तटबंदीची नगरं घेतल्याचं लिहिलंय आणि हिज्कीया राजाला यरुशलेमात ‘पिंजऱ्यातल्या पाखरासारखं’ कोंडल्याचं म्हटलंय. लाखीश या नगराचा पाडाव तर त्याने आपल्या राजधानीत, निनवेच्या राजवाड्यात दगडी पट्ट्यांवर कोरून घेतला. ते दगड आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. पण यरुशलेम घेतलं, असं तो कुठेच म्हणत नाही. पाखरू पिंजऱ्यात राहिलं, त्याच्या हाती लागलं नाही. बायबल सांगतं की देवाने त्या रात्री नगर राखलं. सन्हेरीबाला पुढे त्याच्याच मुलांनी मारलं आणि इ.स.पू. 612 मध्ये निनवे पडलं.

हे सगळं यहूदी लोकांना ऐकायला गोड वाटलं असेल, शत्रूची खोड मोडली म्हणून. म्हणून मी मुलांना नेहमी यानंतर आमोस वाचायला लावते, नाहीतर धडा अर्धवट राहतो.

आमोस मूळचा तकोवाचा, मेंढरं पाळणारा आणि रानउंबरांची निगा राखणारा माणूस. इ.स.पू. 760 च्या सुमारास तो उत्तरेला इस्राएलच्या राज्यात गेला आणि भर गर्दीत बोलू लागला. पहिलं नाव घेतलं दिमिष्काचं (दमास्कस): गिलादाच्या लोकांवरून त्यांनी मळणीची लोखंडी अवजारं फिरवली. मग गज्जा: अख्ख्या वस्त्यांच्या वस्त्या गुलाम म्हणून विकल्या. मग सोर, त्याच व्यापारात भागीदार. मग अदोम, मग अम्मोन, ज्याने हद्द वाढवण्यासाठी गरोदर बायकांची पोटं फाडली. मग मवाब. प्रत्येक नावाबरोबर ऐकणारे माना डोलावत असतील. नकाशा समोर ठेवला तर ही सगळी नावं इस्राएलच्या भोवती फेर धरतात. सातवं नाव येतं यहूदाचं, म्हणजे भाऊबंदांचं. आणि आठवं, सगळ्यांत लांबलचक, इस्राएलचं. गरिबाला जोड्याच्या जोडापायी विकता. गहाण घेतलेल्या कपड्यांवर वेदीजवळ आडवे होता. दंडाच्या पैशातून द्राक्षारस पिता, तोही देवाच्या घरात.

मवाबाच्या आरोपाशी मी थोडी जास्त थांबते. मवाबाने अदोमाच्या राजाची हाडं जाळून चुना केला, एवढाच तो आरोप. इथे अन्याय करणारा परका आणि ज्याच्यावर झाला तोही परका. इस्राएलचा काही संबंध नाही. तरीही इस्राएलचा देव त्याची नोंद ठेवतो. जी राष्ट्रं त्याला ओळखतही नाहीत, त्यांच्यातल्या एका मेलेल्या राजाच्या हाडांची विटंबना त्याला खपत नाही. त्याची सत्ता सगळ्या राष्ट्रांवर आहे याचा अर्थ मला तरी इथे सगळ्यांत नीट कळतो. आणि त्याच पुस्तकाच्या शेवटी आमोस म्हणतो, तुम्हाला मिसरातून (इजिप्तमधून) आणलं हे खरं, पण पलिष्ट्यांना कफतोराहून आणि अरामी लोकांना कीराहून कोणी आणलं? मिसरातून सुटका ही इस्राएलच्या ओळखीची गाभ्याची गोष्ट. आमोस सांगतो, शेजाऱ्यांच्या अंगणातही त्याच देवाने अशा गोष्टी घडवल्यात.

गुलामांच्या व्यापाराचा आरोप आमोसने दोनदा केलाय आणि नाशिककरांना तो परका वाटायचं कारण नाही. शरणपूर रोडने आपण रोज जातो. ते शरणपूर 1850 च्या दशकात मिशनऱ्यांनी वसवलेलं ख्रिस्ती गाव. अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडली जात, त्यांतून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे आणली गेली. इथे ती शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. जेकब वेनराइट त्यांतलाच. 1873 मध्ये आफ्रिकेत मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनचा मृत्यू झाला तेव्हा त्याचं पार्थिव किनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत तो होता, आणि पुढे पार्थिवाबरोबर इंग्लंडलाही गेला. ज्या ब्रिटिश साम्राज्याच्या आरमाराने ही मुलं सोडवली, त्याच साम्राज्याच्या व्यापाऱ्यांनी त्याआधी दीडशे-दोनशे वर्षं अटलांटिकपार गुलाम विकून पैसा केला होता. आमोस आज असता तर दोन्ही गोष्टी बोलला असता. आम्हा ख्रिस्ती लोकांना पहिली गोष्ट सांगायला आवडते. दुसरीही सांगायला हवी.

अश्शूरनंतर बाबेल (बॅबिलोन) आलं. यिर्मया या संदेष्ट्याने मानेवर लाकडी जोखड अडकवून शेजारच्या राजांच्या वकिलांना निरोप दिला की बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या जुवाखाली मान द्या. निरोपात देव त्या राजाला ‘माझा सेवक’ म्हणतो. ज्याने इ.स.पू. 586 च्या सुमारास यरुशलेमचं मंदिर जाळलं, तो सेवक! यिर्मयाला लोकांनी देशद्रोही ठरवलं, चिखलाच्या आडात टाकलं. पण त्याच यिर्मयाच्या निरोपात मुदतही होती, 70 वर्षांची. मुदत संपली की बाबेलचाही न्याय. सत्ता दिली ती मोजून आणि हिशोब मागून.

हा हिशोब डोळ्यांपुढे उभा राहतो तो दानीएलाच्या पाचव्या अध्यायात. (हे पुस्तक केव्हा लिहिलं गेलं याबद्दल एकमत नाही. परंपरा सहावं शतक मानते, पुष्कळ अभ्यासक इ.स.पू. दुसरं. पुस्तक काय म्हणतं ते त्याने बदलत नाही.) बाबेलचा राजा बेलशस्सर हजार सरदारांना मेजवानी देतोय, यरुशलेमच्या मंदिरातून लुटलेल्या पेल्यांतून दारू चाललीय, आणि भिंतीवर हाताची बोटं लिहितात: मने, मने, तकेल, ऊफारसीन. राजाच्या गुडघ्यांना गुडघे आपटू लागतात.

या शब्दांत गूढ मंत्र काहीच नाही, ही वजनांची नावं आहेत. मीना, मीना, शेकेल, आणि अर्धे मीना. आपल्याकडे भिंतीवर ‘मण, मण, तोळा, अर्धे मण’ असं उमटावं तसं. घाबरलेल्या राजाला वाण्याची वही दिसली, म्हणा. दानीएल त्याच अक्षरांत क्रियापदं वाचतो: मोजलं, मोजलं, तोललं, वाटून टाकलं. तुझ्या राज्याचे दिवस मोजून संपवले. तुला तराजूत तोललं, कमी भरलास. राज्य वाटून मेदी आणि पारसी यांना दिलं. शेवटच्या शब्दात ‘पारसी’ हा शब्दही ऐकू येतो, आपण मुंबई-पुण्यात ज्यांना पारसी म्हणतो त्यांच्या मूळ मुलखाचंच ते नाव. इ.स.पू. 539 मध्ये बाबेल पारसी सैन्याच्या हाती गेलं.

यशयाच्या पुस्तकातही एक तराजू आहे. राष्ट्रं म्हणजे पोहऱ्याला लागलेला थेंब, तराजूवर बसलेली धूळ. मार्केट यार्डात ज्यांनी जुना तागडीचा काटा पाहिलाय त्यांना हे समजवावं लागत नाही. पारड्यावर धूळ असतेच, पण कांद्याचं पोतं चढवताना हमाल ती पुसत नाही, कारण तिने वजनात फरक पडत नाही. महासत्ता म्हणजे ती धूळ. पण ओळ तिथेच तोडली तर देव राष्ट्रांना तुच्छ मानतो असं वाटेल, म्हणून ती आमोसबरोबर वाचायची. ज्याच्या काट्यावर साम्राज्याचं वजन लागत नाही, त्याच्या काट्यावर जोड्याच्या जोडाला विकलेल्या माणसाचं वजन लागतं.

बाबेल घेणारा पारसी राजा कोरेश (सायरस). यशयाच्या 45 व्या अध्यायात देव त्याला आपला ‘अभिषिक्त’ म्हणतो. हिब्रूत हा शब्द ‘मशीहा’. परक्या, दुसऱ्या देवांना भजणाऱ्या राजाला हा शब्द! आणि तिथेच दोनदा येतं, तू मला ओळखत नव्हतास तरी. कोरेशच्या काळात यहूदी परत गेले, पुढे मंदिरही पुन्हा उभं राहिलं. कोरेशचा मातीचा लेखही सापडलाय, 1879 साली, बाबेलच्या अवशेषांत. 2013 च्या डिसेंबरात तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात प्रदर्शनाला आला होता, तेव्हा पंचवटी एक्सप्रेसने जाऊन मी पाहून आले. वीतभर लांबीचं, मधे फुगलेलं, भाजलेल्या मातीचं नळकांडं, त्यावर मुंगीच्या पावलांसारखी अक्षरं. काचेपाशी मी बराच वेळ उभी होते. त्या लेखात कोरेश म्हणतो की आपल्याला मर्दूक देवाने निवडलं, मर्दूक म्हणजे बाबेलचा देव. यहूद्यांचं नावही त्यात नाही. यशया म्हणाला होता, तू मला ओळखत नाहीस. कोरेशच्या बाजूने त्याचा पुरावा माझ्यासमोर काचेत ठेवलेला होता.

आता अवघड प्रश्न, जो मुलं विचारतातच. देव जर दुष्टालाही वापरतो, तर दुष्टाई त्याला चालते का?

हा प्रश्न बायबलमध्येच आहे आणि विचारणारा संदेष्टाच आहे, हबक्कूक. तो देवाशी भांडतो. तुझे डोळे इतके निर्मळ की तुला वाईट पाहवत नाही, मग हा आपल्यापेक्षा नीतिमान माणसाला गिळतोय तेव्हा गप्प का? खास्द्यांचं, म्हणजे बाबेलवाल्यांचं वर्णन तो कोळ्याच्या जाळ्याने करतो. माणसं माशांसारखी ओढून काढायची आणि मग त्या जाळ्यालाच धूप दाखवायचा. आपल्या शस्त्रालाच देव करणारी सत्ता इतक्या थोडक्यात क्वचितच कोणी पकडली असेल.

देवाचं उत्तर असं येतं की वाट पाहा, नेमलेली वेळ आहे, उशीर लागला तरी ती येईल. रक्ताने नगर बांधणाऱ्याच्या भिंतीतला दगड ओरडेल आणि वाशातली तुळई त्याला उत्तर देईल. ‘का’ याचं उत्तर मात्र हबक्कूकला पूर्ण मिळत नाही आणि मीही मुलांना ते मिळालंय असं सांगत नाही. त्याचं पुस्तक संपतं ते एका प्रार्थनेवर. अंजिराला फूल नाही, द्राक्षीला फळ नाही, वाड्यात मेंढरू नाही, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. निफाड-दिंडोरीकडे गारपिटीनंतर बागेत उभं राहून ज्यांनी ही ओळ वाचलीय, त्यांना तिचा अर्थ विचारावा. माझ्या ओळखीच्या एका घरात ती वाचताना घरधन्याचा आवाज अर्ध्यावर थांबला होता. पुढची ओळ त्यांच्या बायकोने वाचून पूर्ण केली.

गेल्या वर्षी वर्गातल्या एका मुलाने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. नकाशा, बाण, लाल अक्षरं, आणि ‘यहेज्केलने हेच युद्ध सांगितलं होतं’.

“बाई, हे खरंय का? शेवट आलाय?”

“तारीख दिलीय का त्यांनी?”

“हो, वर्ष सांगितलंय.”

मी त्याला अमेरिकेतल्या विल्यम मिलरची गोष्ट सांगितली. दानीएलातल्या आकड्यांवरून हिशोब मांडून त्याच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 ही ख्रिस्ताच्या येण्याची तारीख धरली. हजारो माणसं वाट पाहत बसली, काहींनी शेतं कापलीच नाहीत. 23 तारखेची सकाळ नेहमीसारखी उजाडली. अलीकडची गोष्टही आहे. दानीएल आणि प्रकटीकरण या पुस्तकांतल्या पशूच्या दहा शिंगांचा अर्थ युरोपचे दहा देश, असं सांगणारे पुष्कळ होते. 1981 मध्ये ग्रीस आल्यावर तिथल्या संघटनेचे सदस्य बरोबर दहा झाले तेव्हा त्यांना काय वाटलं असेल! 1986 मध्ये बारा झाले. आज सत्तावीस आहेत. येशूने स्वतः सांगितलं होतं की तो दिवस आणि ती घटका कोणालाच ठाऊक नाही. ते वाक्य समजायला अजिबात कठीण नाही.

दानीएलाच्या दुसऱ्या अध्यायातल्या पुतळ्याचंही असंच करतात. सोन्याचं डोकं, रुप्याची छाती, पितळेचं पोट, लोखंडाचे पाय, आणि पावलं लोखंड-मातीची. पुस्तकात नाव फक्त सोन्याच्या डोक्याचं दिलंय, नबुखद्नेस्सरचं. पुढची राज्यं कोणती यावर ख्रिस्ती आणि यहूदी अभ्यासकांत शेकडो वर्षं वाद आहे. पण कोणाचाही हात न लागता सुटलेला धोंडा पुतळ्याच्या पावलांवर आदळतो आणि सोन्यापासून मातीपर्यंत सगळ्याचा खळ्यातला भुसा होतो, यावर वाद नाही. सोनंसुद्धा भुसा होतं. ख्रिस्ती वाचक त्या धोंड्यात ख्रिस्ताचं राज्य पाहतात, मीही पाहते. आणि तो राजा रोमन सुभेदार पिलातापुढे हात बांधलेला उभा होता तेव्हा त्याने एवढंच म्हटलं, वरून दिलेला नसता तर तुला माझ्यावर काहीच अधिकार नसता. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकात रोमला ‘बाबेल’ म्हटलंय ते याच परंपरेतून. तिच्या मालाची यादी सोन्या-मोत्यांपासून सुरू होते आणि माणसांच्या जिवांवर येऊन संपते, तिथे पुन्हा आमोसचाच आवाज आहे.

एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. राष्ट्राविरुद्धचा निरोप बदलूही शकतो. यिर्मया कुंभाराच्या घरी जातो, चाकावरचं भांडं बिघडतं, कुंभार त्याच मातीचं दुसरं घडवतो. मग देव सांगतो, मी एखाद्या राष्ट्राला उपटीन म्हटलं आणि ते वळलं तर मी माघार घेईन. निनवेच्या बाबतीत नेमकं हेच झालं आणि तिथे निरोप द्यायला गेलेला संदेष्टा योना रुसून बसला. चाळीस दिवसांत नगर उलथणार म्हणाला होता, उलथलं नाही. देव त्याला म्हणतो, उजवा-डावा हात न कळणारी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आहेत तिथे, आणि पुष्कळ गुरंढोरं. मला त्या गुरांचं फार आश्चर्य वाटतं. शत्रूच्या राजधानीतली जनावरंसुद्धा हिशोबात धरली आहेत.

याच्या पुढचं पाऊल यशयाच्या 19 व्या अध्यायात आहे, आणि माझ्या मते संदेष्ट्यांच्या सगळ्या बोलण्यात एवढं धाडसी दुसरं काही नाही. मिसर म्हणजे ज्याने गुलाम केलं. अश्शूर म्हणजे ज्याने नगरं जाळली. यशया म्हणतो, त्या दोघांमध्ये हमरस्ता होईल, लोक ये-जा करतील, आणि देव म्हणेल: माझी प्रजा मिसर, माझ्या हातची कृती अश्शूर, माझं वतन इस्राएल. ‘माझी प्रजा’ हा इस्राएलचा मान होता. तो मिसराला दिला, आणि इस्राएल तिसऱ्या नंबरवर जाऊन बसला. तरी त्याचं काही कमी झालं नाही.

आणि लोक आपल्या तलवारींचे नांगराचे फाळ करतील, ही ओळ यशया आणि मीखा या दोघांतही आहे. न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघाच्या आवारात त्यावरचा पुतळा उभा आहे, 1959 साली सोव्हिएत संघाने दिलेला. ओळीचा दुसरा भाग मात्र पुतळ्यात आला नाही. भाल्यांचे काय करतील? मूळ शब्द आहे वेलींची छाटणी करायचं हत्यार. हा भाग आपल्याकडच्या माणसाला न्यूयॉर्कवाल्यांपेक्षा जास्त कळावा.

ओझरजवळ आमच्या ओळखीच्यांची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरात गोडी छाटणी चालू असताना मी तिथे होते. बाया ओळीने वेलींखालून सरकत होत्या, कात्रीचा कट्-कट् असा एकसारखा आवाज, प्रत्येक काडीवर डोळे मोजून काप. जास्त डोळे ठेवले तर माल बारीक, कमी ठेवले तर घडच नाही. मधेच एच.ए.एल.च्या धावपट्टीवरून सुखोई लढाऊ विमान उठलं. ओझरला ती विमानं बांधतात, हे गावात सगळ्यांना माहीत आहे आणि कित्येक घरांची चूल त्या कारखान्यावर चालते. आवाज एवढा की बोलणं थांबलं. वर कोणी पाहिलं नाही. विमान सह्याद्रीकडे वळून दिसेनासं झालं, आणि कात्र्यांचा आवाज पुन्हा ऐकू यायला लागला.